सेवाग्राम परिसरातील कलासाहित्याचे प्रयोग

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम (पूर्वीचे शेगाव) आणि वर्धा शहरातील मगनवाडी येथे १९३५ नंतर ग्रामोद्योगाच्या प्रेरणेने एक वेगळी कलादृष्टी आकारास आली. माती, बांबू, हातकागद यांसारख्या वस्तू तोवर कलासाहित्यात क्वचितच गणल्या जात. पाब्लो पिकासो व झॉर्झ ब्राक यांनी १९१२ च्या सुमारास चित्रफलकावर वर्तमानपत्राचे तुकडे व मेणकापड चिकटविले, ते मुख्यतः रूपविषयक प्रश्नांतून. सेवाग्रामच्या प्रयोगांमागील प्रश्न निराळा होता : खेड्यातील माणसाला जे साहित्य सहज मिळते, त्यातून उच्च प्रतीची कला निर्माण होऊ शकते काय?

महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला आले. तेथील पहिले घर ‘आदिनिवास’ हे स्थानिक साहित्यातून व ५०० रुपयांच्या मर्यादेत बांधावे, अशी त्यांची अट होती. पुढे ‘बापूकुटी’ म्हणून प्रसिद्ध झालेली झोपडी मीराबेन (मॅडेलिन स्लेड, १८९२–१९८२) यांनी मूळ स्वतःसाठी उभारली. बांबूच्या कुडावर माती लिंपून केलेल्या तिच्या भिंतींवर त्यांनी मातीचेच उठावशिल्प घडविले. ताडाची झाडे व चरखा हे त्यांतील प्रमुख आकृतिबंध होत. वेगळा रंग नाही, चौकट नाही. भिंत आणि चित्र यांचे द्रव्य एकच. घरे सारविण्या-लिंपण्याचे वऱ्हाडातील स्त्रियांचे नित्याचे कौशल्य येथे अलंकरणाचे माध्यम बनले.

या दृष्टीला व्यापक रूप दिले ते चित्रकार नंदलाल बोस (१८८२–१९६६) यांनी. शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे हे प्रमुख १९३६ च्या लखनौ काँग्रेस अधिवेशनातील प्रदर्शनाच्या सजावटीसाठी गांधींच्या निमंत्रणावरून आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खानदेशातील फैजपूर येथे, खेड्यात भरलेल्या पहिल्याच अधिवेशनासाठी त्यांना पुन्हा पाचारण करण्यात आले. आपण चित्रकार आहोत, वास्तुविशारद नव्हे, असा संकोच त्यांनी व्यक्त केला. परंतु गांधींनी आग्रह सोडला नाही. बांबू व तत्सम ग्रामीण साहित्यातून तेथील ‘टिळकनगर’ सजले. अधिवेशनाबरोबर ते नाहीसेही झाले.

गुजरातेतील हरिपुरा अधिवेशनासाठी (फेब्रुवारी १९३८) नंदलालांनी पुठ्ठ्यावर हातकागद चिकटवून त्यावर मातीच्या रंगांनी चित्रे काढली. ढोलवादक, चांभार, सुतार, कांडण करणारी स्त्री असे त्यांचे विषय होते. त्यांची स्वतःची चित्रे ऐंशीहून अधिक होती. सहकारी व विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रतिकृती करून एकूण संख्या सु. ४०० पर्यंत नेली. जाड, वेगवान रेषा व सपाट रंग यांत कालीघाट पटचित्रांचे संस्कार दिसतात. खरबरीत हातकागदावर नाजूक छायाभेद साधणे कठीण. साहित्याच्या या मर्यादेतूनच त्या शैलीचा जोम प्रकटला. हातकागदाचा उद्योग जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखालील अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत वाढीस लावला होता. येथील मगन संग्रहालयाचे उद्‌घाटन गांधींच्या हस्ते डिसेंबर १९३८ मध्ये झाले.

कलाभवनातून शिक्षण घेतलेले देवीप्रसाद (१९२१–२०११) हे १९४४ मध्ये सेवाग्रामला नयी तालीमचे कलाशिक्षक म्हणून आले व १९६२ पर्यंत तेथे राहिले. बालकलेविषयीचे त्यांचे विचार येथील अध्यापनातून पक्व झाले. चित्रकार म्हणून आलेल्या या कलावंताने कुंभारकामाकडेही लक्ष वळविले आणि उत्तरायुष्यात तीच त्यांची प्रमुख ओळख ठरली. कलावंत व कारागीर हा भेद त्यांनी व्यवहारातच पुसून टाकला.

या प्रयोगांपुढे टिकाऊपणाचा प्रश्न सदैव उभा राहिला. हरिपुऱ्याची बरीच चित्रे आज नवी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सुरक्षित आहेत. परंतु खेडुतांनी जाता-येता पाहावीत म्हणून काढलेली ही चित्रे त्यामुळे खेड्यापासून दुरावली, हेही खरे. मातीच्या भिंतीचे तसे नाही. ती पावसाने झिजते, तडकते आणि वारंवार लिंपावी लागते. म्हणून बापूकुटीचे जतन हे केवळ वस्तूचे जतन नसून ते लिंपणाऱ्या हातांच्या कौशल्याचेही जतन आहे. ते कौशल्य लोपले, तर भिंत राखण्याचा उपाय उरणार नाही. तत्त्वचिंतक इव्हान इलिच यांनी जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्राम येथे केलेल्या भाषणात याच कुटीचा साधेपणा हा चिंतनाचा विषय केला होता. कलेचे मोल साहित्याच्या किमतीवर अवलंबून नसते, हे या प्रयोगांनी दाखवून दिले. भारतीय आधुनिक कलेच्या इतिहासात त्यांचे महत्त्व प्रामुख्याने यात आहे.