शिवेपलीकडच्या शाळा

अमेरिकेंतील डेट्रॉइट शहराच्या उत्तर अंगास एक भिंत आहे. १९४१ सालीं घरें बांधून विकणाऱ्या एका व्यापाऱ्यानें ती घातली. लांबी सुमारें अर्धा मैल, उंची सहा फूट. शेजारीं कृष्णवर्णीयांची वस्ती असल्यामुळें त्याच्या नियोजित घरांना सरकारी हमीचें कर्ज मिळेना. मध्यें भिंत उभी राहतांच तें मिळालें. ही भिंत निदान डोळ्यांना दिसते. शहर व उपनगर यांमधील नकाशावरच्या शिवेचें तसें नाहीं.

१७ मे १९५४ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें 'ब्राउन' खटल्यांत एकमतानें निर्णय दिला कीं, वर्णावरून मुलांच्या शाळा निराळ्या ठेवणें घटनाविरुद्ध आहे. दक्षिणेंतील कायदा गेला आणि प्रश्न मिटला, अशी आपल्याकडील सुशिक्षितांचीहि समजूत असते. परंतु डेट्रॉइट ज्या मिशिगन राज्यांत आहे, तेथें असा कायदा नव्हताच! गोरीं कुटुंबें सरकारी हमीच्या कर्जांवर उपनगरांत जाऊन राहिलीं; कृष्णवर्णीयास तेथें घर विकत मिळणें दुरापास्त होतें. बहुतेक उपनगरांचा शाळा-विभाग स्वतंत्र, आणि शाळेचा बराचसा खर्च स्थानिक घरपट्टीवर. अर्थात् ज्याचें घर महाग, त्याच्या मुलाचा मास्तरहि महाग. १९७० सालीं डेट्रॉइटच्या शाळांत शंभरांपैकीं सुमारें ६४ मुलें कृष्णवर्णीय होतीं. भोंवतालच्या बहुतेक उपनगरांत असें मूल विरळाच.

त्याच वर्षीं फिर्याद झाली. न्यायाधीश स्टीफन रॉथ यांनीं पुरावा ऐकून ठरविलें कीं, हें केवळ आपोआप घडलेलें नाहीं, यांत राज्याचा व शहराच्या शिक्षण-मंडळाचा हात आहे. आणि एकट्या शहरांत उपाय करूं गेल्यास गोरे उरलेसुरलेहि निघून जातील. म्हणून त्यांनीं उपनगरांचे ५३ विभाग योजनेंत ओढले. २५ जुलै १९७४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ही योजना मोडली. सरन्यायाधीश बर्गर यांचें म्हणणें, अपराध शिवेपलीकडे सिद्ध झाल्यावांचून उपायहि शीव ओलांडूं शकत नाहीं. भिन्नमत देणाऱ्यांत थर्गुड मार्शल होते. 'ब्राउन' खटला वकील म्हणून लढविणारे तेच.

बर्गर यांचा युक्तिवाद तर्कास सोडून आहे असें नाहीं. पण तो शिवेला निष्पाप मानून चालतो, आणि तेथेंच माझा त्याच्याशीं विरोध आहे. मिशिगनमध्यें विसाव्या शतकाच्या आरंभीं असे हजारों शाळा-विभाग होते. राज्यानें सोयीसाठीं ते जोडून त्यांची संख्या शेंकड्यांवर आणली. कारभाराच्या सोयीसाठीं ज्या रेषा खुशाल पुसल्या, त्याच रेषा मुलांसाठीं पुसण्याची वेळ येतांच पवित्र कां व्हाव्या?

केंटकी राज्यांतील लुईव्हिलची गोष्ट या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. तेथें १९७५ सालीं शहराचा विभाग परगण्याच्या विभागांत विलीन झाला आणि मुलांना बसगाड्यांतून शहराकडून उपनगराकडे व उलट नेऊं लागले. दंगे झाले, शिपाई आणावे लागले. पण पळावें तर जवळ दुसरी शीव नव्हती. पुढें न्यायालयाचा हुकूम उठला, तरी लोकांनीं आपखुषीनें मिश्रणाची योजना चालू ठेवली. २००७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां पांच विरुद्ध चार मतांनीं तीहि रद्द केली. मुलाचा वर्ण पाहून शाळा देतां येणार नाहीं, असें कारण देऊन. तेव्हां त्यांनीं वस्तीचें उत्पन्न व शिक्षण यांवर भर देऊन नवी योजना आखली. शहराचा शाळा-विभाग मात्र पुन्हां वेगळा केला नाहीं.