शेणाच्या टाकीतले रसायनशास्त्र

आमच्या कुंभारीकडे गोठ्यामागे गोबरगॅसची टाकी असली की तिच्यातून जळाऊ मिथेन मिळतो, हे कुणाला सांगायला नको. पण त्याआधी टाकीतले काही जीवाणू हायड्रोजन सोडतात आणि मिथेन करणारे सूक्ष्मजीव तो लगेच गट्ट करतात. रसायनशास्त्र शिकवताना मला याचेच नवल वाटे. पाणी विजेने फोडून हायड्रोजन काढायचा, तर सर्वांत सरस उत्प्रेरक प्लॅटिनम. शेणातल्या जीवाला ते कुठून परवडणार?

हे काम करणाऱ्या एन्झाइमला 'हायड्रोजिनेज' हे नाव मार्जरी स्टीफन्सन आणि लिओनार्ड स्टिकलंड यांनी 1931 मध्ये केंब्रिजला दिले. गंमत अशी, की त्याच्या दोनच वर्षे आधी, 1929 मध्ये, जर्मनीत हान्स राइलेन यांनी लोखंडाचे दोन अणू, गंधक आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे एक संयुग बनवले होते. या दोन गोष्टींचा संबंध कुणाच्या ध्यानात येणार? ते संयुग जवळजवळ 70 वर्षे ग्रंथालयात पडून राहिले.

1998-99 मध्ये अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये क्ष-किरणांनी या एन्झाइमचा गाभा दिसला. लोखंडाचे दोन अणू, मध्ये गंधकाचा पूल, आणि भोवती कार्बन मोनॉक्साइड व सायनाइड! ज्या विषांनी माणूस मरतो, ती जीवाणूने कामाला जुंपलेली. राइलेन यांच्या संयुगाचे हे सख्खे भावंडच. 1999 मध्येच डॅरेन्सबर्ग, राउखफुस आणि पिकेट यांच्या प्रयोगशाळांनी सायनाइड जोडलेल्या प्रतिकृती बनवल्या.

पण दिसायला सारखी म्हणून गुणाला सारखी थोडीच! या प्रतिकृती आळशी निघाल्या. 2011 मध्ये अमेरिकेत डुबॉय व सहकाऱ्यांनी निकेलचे संयुग केले. ते सेकंदाला 1,00,000 हून अधिक वेळा हायड्रोजन घडवी, मात्र त्यासाठी विजेचा दाब फार जास्त लागे.

माझ्या मते खरा उलगडा 2013 चा. रिकाम्या प्रथिनात कृत्रिम गाभा बसवून पाहिला. एरवी मंद असलेला तोच गाभा आत जाताच जवळपास मूळ एन्झाइमसारखा चालला. तोही पुलाच्या मध्यभागी नायट्रोजन असला तरच. कार्बन किंवा ऑक्सिजन ठेवलेल्या प्रतिकृती ढिम्म. प्रोटॉन नेऊन देणारा हमाल तो नायट्रोजनच.

म्हणजे भोवतालचे प्रथिन म्हणजे नुसते आवरण नव्हे. मुंबईच्या आयआयटीत अर्णब दत्ता यांचा गट हाच धागा धरून आहे. संपूर्ण प्रथिन न घेता, कोबाल्टच्या संयुगांना अमिनो आम्ले जोडायची आणि ती पाण्यात चालवायची.