रमण्यातली दक्षिणा आणि शिवारातली तगाई

श्रावण लागला की पेशवाईत पुण्याकडे येणाऱ्या वाटा ब्राह्मणांनी फुलून जात. पर्वतीच्या पायथ्याशी भिंतीने बंदिस्त केलेला रमणा होता, तिथे दक्षिणा वाटली जाई. प्रथा मूळची तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांची. १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि पहिल्या बाजीरावाने ती पुण्यात चालू ठेवली. शास्त्री-पंडितांची परीक्षा होई, त्यांना विद्वत्तेप्रमाणे मान मिळे. बाकीच्यांच्या हातावर रोख पडे. जात आणि विद्या एवढीच पात्रता! उपाशी कोष्ट्याला किंवा महाराला त्या दारातून प्रवेश नव्हता.

कुणब्याच्या अडचणीची दखल सरकार घेई, पण शिवारात. सतराव्या शतकात आदिलशाही फौजेने उद्ध्वस्त केलेलं पुणं दादोजी कोंडदेवांनी पुन्हा वसवलं, ते इस्ताव्याच्या सवलतीवर. पड जमीन लागवडीला आणली की पहिल्या वर्षी नाममात्र सारा, पुढे दरसाल चढता. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेलं पत्र तर फारच नेमकं आहे. गावोगाव फिरा, कुणबी गोळा करा. ज्याच्या अंगात बळ आहे पण बैल नाहीत, त्याला बैल द्या, पोटाला दाणा द्या. वसुली मुद्दलाचीच, वाढीदिढी न लावता आणि त्याला झेपेल तशी. त्यासाठी दोन लाख लारींपर्यंतच्या (लारी हे तेव्हाचं नाणं) खर्चाला मुभा होती.

यात दया असेलही, हिशेब मात्र नक्की होता. त्या काळी जमीन मुबलक होती, टंचाई कसणाऱ्या हातांची. रयत नाडली की रातोरात परागंदा होई, शेजारच्या अमलात जाऊन कौल घेई. म्हणून पीक बुडालं की पाहणी, पाहणीनंतर सूट, आणि पेरणीच्या तोंडावर तगाई, म्हणजे बी-बैलांसाठी सरकारी कर्ज. बलुतेदाराचं काय? त्याचं पोट कुणब्याच्या खळ्यावर. खळं रिकामं तर बलुतंही बुडालं. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याच्यासाठी तगाईच्या कागदावर रकाना नव्हता.

ही घडी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पार विसकटली. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशव्यांची फौज मोडली, मुलूख लुटला गेला आणि १८०३-०४ मध्ये दुष्काळ पडला. पण खरा घाव मक्त्याने घातला. महाल जास्त बोली लावणाऱ्याला दिला जाई, आणि त्याहून मोठी बोली आली तर त्याच्याकडून काढूनही घेतला जाई. पुढच्या हंगामात आपण इथे असू की नाही याची खात्री नसलेला मक्तेदार बैलजोडीसाठी पैसे कशाला सोडील? पेशवाई बुडाल्यावर इथला कारभार पाहणाऱ्या इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले आहेत.

गंमत म्हणजे नव्या इंग्रज सरकारने दक्षिणा लगेच बंद केली नाही. रक्कम छाटून सालाची पन्नास हजारांवर आणली आणि तिच्यातूनच १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. तगाईला मात्र १८८४ मध्ये कायद्याचं रूप मिळालं. त्यात व्याज होतं, आणि थकलं तर साऱ्याच्या बाकीसारखी वसुली.