‘अप्रीति’ शब्दाचा अर्थनिर्णय

‘केसरी’तील लेखांवरून टिळकांवर १८९७ त चाललेला राजद्रोहाचा खटला आमच्या मतें एका निषेधाक्षरावर तोलला होता. १८७० त दंडसंहितेंत घातलेल्या १२४-अ कलमांतील शब्द ‘डिसअफेक्शन’. न्या. स्ट्रॅची यांनीं ज्यूरीस त्याचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा सांगितला. आमचे वैयाकरण नञाचे सहा अर्थ देतात. त्यांत अभाव निराळा, विरोध निराळा. ‘अधर्म’ म्हणजे धर्माचा विरोधी, धर्माची नुसती उणीव नव्हे. (हें पाठशाळेंतील पोरासहि कळतें!) सहा युरोपियन ज्यूरर दोषी म्हणाले, तिघे हिंदी निर्दोषी, शिक्षा दीड वर्षाची सक्तमजुरी. पुढें १८९८ त कलम दुरुस्त होऊन ‘द्रोह व सर्व प्रकारचा वैरभाव’ अप्रीतींत मोडतो असें स्पष्टीकरण आलें. शिक्षा आधीं, व्याख्या मागाहून! त्या सालापूर्वींच्या दंडसंहितेच्या छापील प्रती संग्राहकांनीं रद्दींत घालूं नयेत.