एकाच कॉम्प्युटरात विंडोज आणि लिनक्स : दोन्ही वेगळ्या ड्राइव्हवर कसं ठेवायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट बंद केले. नोंदणी केली तर घरगुती कॉम्प्युटरला ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, तेवढीच सवलत. विंडोज ११ टाकायचं म्हटलं तर इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. माझ्या जुन्या डब्यात दोन्ही नाही. तुमच्या घरच्या नाहीतर सेवा केंद्रातल्या मशीनचंही तेच असेल.

मग मशीन भंगारात द्यायची का? गरज नाही. लिनक्स ही फुकट सिस्टीम जुन्या मशीनवर बरी चालते आणि तिचे अपडेट चालू आहेत. आपल्या सरकारच्या सी-डॅकनं बनवलेली 'बॉस' हीसुद्धा लिनक्सच. नवशिक्याला मी उबुंटू किंवा लिनक्स मिंट सांगतो. रॅम ४ जीबीच असेल तर मिंटची 'एक्सएफसीई' आवृत्ती घ्या. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आत असतोच. शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वर मराठीतून फुकट धडे आहेत.

पण विंडोज पूर्ण सोडता येत नाही. माझी श्रीलिपीची प्रत विंडोजची आहे. अंगठा घेणाऱ्या मशीनचं सॉफ्टवेअर आणि डिजिटल सहीचा टोकन यांचंही बहुतेक काम विंडोजवरच होतं. म्हणून दोन्ही ठेवायच्या. सुरू करताना एक निवडायची, दोन्ही एकदम चालत नाहीत.

एकाच डिस्कवर का नको

मी आधी एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग पाडून दोन्ही बसवल्या होत्या. विंडोज बिघडलं, दुरुस्तीला दिलं. त्या पोरानं नवीन विंडोज टाकताना लिनक्सचा भाग रिकामा समजून पुसला. त्यात गारपिटीच्या पंचनाम्याचे फोटो होते आणि पोरीचे पहिलीपासूनचे. चूक त्याची अर्धी, माझी अर्धी. मी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती आणि त्याला सांगितलंही नव्हतं. विंडोजला लिनक्सचा भाग वाचता येत नाही. कधी कधी तर 'फॉरमॅट करायचं का' असं विचारतं. तिथं कायम 'नाही'च म्हणायचं.

दोन वेगळ्या ड्राइव्ह असल्या की एक खराब झाली तरी दुसरी चालू राहते. जुन्या डेस्कटॉपमध्ये दुसऱ्या ड्राइव्हला जागा बहुतेक असतेच. लॅपटॉपमध्ये डीव्हीडी असेल तर ती काढून तिच्या जागी 'कॅडी' घालून डिस्क बसते.

बसवताना

पहिलं काम, हव्या त्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर किंवा मोबाइलवर. दुसरं, विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का पाहा. असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, नाहीतर उद्या आपल्याच घराला आपल्यालाच कुलूप.

लिनक्सची फाइल 'रुफस' नावाच्या सॉफ्टवेअरनं ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका. हा पेनड्राइव्ह वेगळा घ्या, कारण त्यातलं सगळं पुसलं जातं. त्यावरून लिनक्स न बसवताही चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर तिथंच तपासा.

आता खरी गोष्ट. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, झाकण उघडा आणि विंडोजच्या ड्राइव्हची वायर काढून ठेवा. मगच नव्या ड्राइव्हवर लिनक्स बसवा. वायर का काढायची? लिनक्स दुसऱ्या ड्राइव्हवर टाकलं तरी त्याची सुरुवात करणारी छोटी फाइल, म्हणजे बूटलोडर, विंडोजच्या ड्राइव्हवर जाऊन बसू शकते. मग ती ड्राइव्ह काढली की दोन्ही अडकतात. वायर काढलेली असली की चुकीची डिस्क पुसायची भीतीही जाते. बसवणं चालू असताना लाईन गेली तर पंचाईत होते, तेव्हा यूपीएस नसेल तर लाईनचा टाइम बघून बसा.

झालं की वायर परत जोडा. चालू करताना बूट मेनूची बटन दाबा. डेल आणि लेनोव्होत बहुतेक एफ१२, एचपीत एफ९, आसूसच्या मदरबोर्डला एफ८. यादीतून ड्राइव्ह निवडायची. रोज जी लागते ती बायोसमध्ये पहिली ठेवा.

नंतर येणाऱ्या अडचणी

लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसू शकतं. सकाळी साडेदहाला पहाटेचे पाच! मशीन बिघडलेली नसते. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच आपली समजतं. तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये 'सिंक नाऊ' दाबा.

विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि त्या ड्राइव्हवर लिनक्समधून काही लिहायला गेलं की अडतं.

एक संकट मात्र वेगळ्या ड्राइव्हनंही टळत नाही. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर दोन सिस्टीम असलेल्या अनेक मशीनवर लिनक्स सुरूच होईना, कारण बंदीची नोंद डिस्कवर नाही, मदरबोर्डच्या मेमरीत गेली होती. मायक्रोसॉफ्टनं ते मे २०२५ मध्ये दुरुस्त केलं. तोपर्यंत बायोसमधलं 'सिक्युअर बूट' बंद करून लोकांनी काम भागवलं.

माझ्या डब्यात आता झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलेला आहे : वरची विंडोज, खालची लिनक्स, खालची रिकामी नाही. दुरुस्तीला देताना खालचीची वायर मी घरीच काढून ठेवतो.