रिंगणांतली दुडकी चाल

श्वानप्रदर्शनांत परीक्षक कुत्र्यास रिंगणांत दुडक्या चालीनें फिरवावयास सांगतो. वरवर पाहतां ही हौशी मंडळींची करमणूक. परंतु ज्यास बक्षीस मिळतें त्याचीच संतति वाढविली जाते. म्हणून परीक्षकाची नजर चुकली, तर ती चूक पुढच्या पिढ्यांच्या हाडांत उतरते. माझें आयुष्य उत्तरपत्रिका तपासण्यांत गेलें. इतका दूरवर पोंचणारा निकाल माझ्या हातीं कधीं नव्हता!

इंग्लंडांत न्यूकॅसल येथें जून १८५९ मध्यें जें प्रदर्शन भरलें, तेथून या प्रकारास आरंभ झाला असें सामान्यतः मानतात. पॉइंटर व सेटर या दोनच शिकारी जाती, आणि बक्षीस म्हणून बंदुका! १८७३ सालीं लंडनला केनेल क्लब निघाला. चालीची पारख करणारांची परिभाषा पुष्कळशी घोड्यांच्या पागेंतली. १८९९ सालीं जर्मन शेफर्डचा संघ काढणारे फॉन स्टेफानित्झ तर घोडदळांतलेच अधिकारी. मेंढरांभोंवतीं दिवसभर न थकतां दुडकणारें कुत्रें त्यांना हवें होतें.

पण दुडकीच कां? या चालींत पुढचा उजवा व मागचा डावा, असे तिरपे पाय जोडीनें पडतात. त्यामुळें पुढचें अंग मागच्याशीं जुळतें कीं नाहीं तें कळतें. सावकाश चालींत दोष झांकला जातो, आणि भरधाव पळणाऱ्याचे पाय डोळ्यांना टिपतां येत नाहींत. चित्रकार शतकानुशतकें धांवता घोडा चारी पाय पुढेंमागें ताणलेला रंगवीत आले. १८७८ सालीं कॅलिफोर्नियांत मायब्रिज यांनीं कॅमेऱ्यांची रांग लावून दाखविलें कीं, चारी पाय अधांतरीं असतात ते पोटाखालीं गोळा झालेले असतांना. १८८७ च्या त्यांच्या ७८१ चित्रफलकांच्या संग्रहांत कुत्रींही आहेत.

तरीही जुनीं मतें सहजीं सुटलीं नाहींत. पाय सदैव समांतर रेषांतच पडावेत, असा कित्येकांचा आग्रह. वस्तुतः वेग वाढला कीं तोल राखण्यासाठीं पाय मध्यरेषेकडे वळतात. दुडकणाऱ्या लांडग्याचे ठसे जवळजवळ एका ओळींत उमटतात. खांद्याचें पातें ४५ अंशांनीं कललेलें हवें, हाही असाच पागेंतून आलेला सिद्धान्त. अमेरिकेंत रेचल पेज एलियट यांनीं हार्वर्ड येथें चालत्या कुत्र्यांचीं क्ष-किरणांचीं चलच्चित्रें पाहिलीं, तेव्हां तो कोन त्यांना कोठें आढळेना. पुढें येना विद्यापीठांत फिशर व लिलिये यांनीं ३२ जातींचीं तीनशेंहून अधिक कुत्रीं तपासून २०११ सालीं ग्रंथ काढला. पुढचा पाय खांद्याच्या सांध्यापासून नव्हे, तर पात्याच्या वरच्या कडेपासून झुलतो, असें त्यांत दिसून आलें.

आणि स्टेफानित्झांचें तें कुत्रें? लांब टांगेच्या मोहानें कांहीं पैदासकारांनीं त्याची पाठ उतरती करीत नेली. २०१६ सालीं बर्मिंगहॅमच्या क्रफ्ट्स प्रदर्शनांत आपल्या जातींत पहिल्या ठरलेल्या एका शेफर्डची अडखळती चाल दूरचित्रवाणीवर पाहून लोक संतापले. त्यानंतर केनेल क्लबानें त्या जातीच्या लक्षणांत एक अट घातली: कुत्र्यास कोणाच्या आधारावांचून स्वस्थपणें उभें राहतां आलें पाहिजे.