ठिपका की धूळ?

कागल हे नाव आमच्या बहुतेक वाचकांना आनंद यादवांच्या 'झोंबी'मुळे ठाऊक असते. त्याच कागलच्या परिसरात, पुणे-बंगळूर महामार्गाजवळ, आज 'पंचतारांकित' औद्योगिक वसाहत आहे. हॉटेलांसाठी राखलेले हे विशेषण एमआयडीसीला लागलेले पाहून साहित्याच्या माणसाला थोडे हसू येते. आत गेल्यावर मात्र ते मावळते. सूतगिरण्या, कापड, यंत्रांचे सुटे भाग आणि कोल्हापूरची जुनी ओळख असलेले ओतकाम असा सगळा गंभीर व्यवहार तेथे चाललेला असतो.

मध्यंतरी तेथील एका फौंड्रीत जाण्याचा योग आला. भट्टीतला रस साच्यांत ओतण्याआधी त्यातला थोडा पाचरीच्या आकाराच्या लहान साच्यात घेतात. तो थंड झाला, की तुकडा हातोड्याने तोडतात आणि तुटलेली बाजू पाहतात. ती करडी दिसते की पांढरी, आणि पांढरेपणा टोकापासून किती आत शिरला आहे, यावरून रसाची जात कळते. 'ग्रे आयर्न' आणि 'व्हाइट आयर्न' ही बिडाची नावेच मुळी तुटलेल्या बाजूच्या रंगावरून पडलेली आहेत. धातू काय आहे हे जाणण्यासाठी तो तोडून पाहावा लागतो, ही गोष्ट आमच्या मनात राहिली. त्या तुकड्याने आम्हांला एका शब्दाकडे नेले. तो शब्द म्हणजे 'फ्रॅक्टल'.

बेन्वा मॅन्डेलब्रॉट (१९२४-२०१०) या गणितज्ञाने तो १९७५ मध्ये घडवला, लॅटिनमधील 'तुटलेला' या अर्थाच्या 'फ्रॅक्टस' या विशेषणावरून. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त अपूर्णांकांना 'भिन्न' म्हटले आहे, आणि तेथेही मूळ अर्थ तुटलेला असाच आहे. किनारा, ढग, झाडाची फांदी यांचा खडबडीतपणा कितीही जवळ गेले तरी संपत नाही. मोठ्या खाचेत लहान खाच, तीत आणखी लहान. अशा आकारांना नाव हवे होते. १९८४ मध्ये मॅन्डेलब्रॉट आणि दोन सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये धातूच्या भंगपृष्ठांवरच निबंध प्रसिद्ध केला. 'तुटलेला' या अर्थाचा शब्द असा खरोखरच तुटलेल्या पोलादापर्यंत येऊन पोहोचला.

या आकारांचा इतिहास मात्र शब्दाहून जुना आहे. एखादा साधा नियम घ्यावा, त्याचे उत्तर पुन्हा त्याच नियमात घालावे आणि असे करीत राहावे, या क्रियेचा सखोल अभ्यास गास्तों ज्युलिया या फ्रेंच गणितज्ञाने १९१८ मध्ये मांडला. पियेर फातू हाही त्याच सुमारास त्याच वाटेवर होता. दोघांनाही आपण कोणत्या आकाराविषयी बोलत आहोत हे कळत होते. पण तो डोळ्यांनी नीट पाहणे त्यांना शक्य नव्हते, कारण एका चित्रासाठी लाखो आकडेमोडी कराव्या लागतात. चित्राला सहा दशके थांबावे लागले. रॉबर्ट ब्रुक्स आणि पीटर मॅटेल्स्की यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या निबंधात ते पहिल्यांदा उमटले, तेही संगणकाच्या छपाईयंत्राने मारलेल्या तारकाचिन्हांतून. १९८० मध्ये मॅन्डेलब्रॉट यांनी आयबीएमच्या संशोधनकेंद्रात तोच आकार अधिक बारकाईने काढला, आणि पुढे तो त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

येथेच आमच्या विषयाचा गाभा आहे. त्या चित्रात मुख्य आकाराभोवती काही सुटे ठिपके दिसत होते. छापताना ते घाण समजून काढून टाकले गेले, अशी आठवण मॅन्डेलब्रॉट यांनीच पुढे सांगितली आहे. ठिपके घाण नव्हते. प्रत्येक ठिपका म्हणजे मूळ आकाराचीच सूक्ष्म प्रत होती. इतकेच नव्हे, तर सुटे भासणारे ते ठिपके मुख्य आकारापासून तुटलेले नाहीत, संपूर्ण आकार एकसंध आहे, हे आद्रियें दुआदी आणि जॉन हबर्ड यांनी १९८२ मध्ये सिद्ध केले. जोडणारे तंतू इतके बारीक, की चित्रात उमटतच नाहीत.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हा प्रसंग परका वाटू नये. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यासमोरही हाच प्रश्न असणार. समोरचे वेगळे अक्षर लेखनिकाची चूक आहे की जुन्या भाषेचे खरे रूप? पोथीत धूळ कोणती आणि अक्षर कोणते, हे ठरवायला आणखी प्रती हव्यात आणि त्या भाषेची जाण हवी. फ्रॅक्टलच्या चित्रापुढे हा निवाडा करण्याचा मार्ग एकच आहे. ते चित्र स्वतः काढून पाहणे.

१९८५ च्या ऑगस्टमध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधील ए. के. ड्यूडनी यांच्या सदराने नेमके हेच सुचवले. त्यांनी वाचकांना चित्र दाखवलेच, शिवाय ते घरच्या संगणकावर काढण्याची कृतीही सांगितली. त्या काळी एका चित्रासाठी संगणक तासन्‌तास चालू ठेवावा लागे. आज तीच कृती काही सेकंदांची आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यालाही ती अवघड नाही. म्हणून ती येथे सांगतो.

पडद्यावर ५०० गुणिले ५०० ठिपक्यांचा चौकोन घ्यावा. आडव्या दिशेला उणे २ पासून अर्ध्यापर्यंत आणि उभ्या दिशेला उणे सव्वापासून सव्वापर्यंत मोजपट्टी कल्पावी. म्हणजे दर दोन ठिपक्यांत ०.००५ चे अंतर पडते आणि प्रत्येक ठिपक्याला दोन आकडे मिळतात, आडवा 'प' आणि उभा 'फ'. आता 'क' आणि 'ख' या दोन संख्या शून्य धराव्यात. नवा 'क' म्हणजे 'क'चा वर्ग, वजा 'ख'चा वर्ग, अधिक 'प'. नवा 'ख' म्हणजे 'क' आणि 'ख' यांच्या गुणाकाराची दुप्पट, अधिक 'फ'. हे पुन्हापुन्हा करावे. 'क' आणि 'ख' यांच्या वर्गांची बेरीज ४ च्या वर गेली, की तो ठिपका निसटला. कितव्या फेरीत निसटला त्यावरून त्याला रंग द्यावा. शंभर फेऱ्यांतही निसटला नाही, तर काळा करावा. बस्स, एवढेच. अडीच लाख ठिपके आणि प्रत्येकी शंभर फेऱ्या, म्हणजे जास्तीत जास्त अडीच कोटी फेऱ्या. पायथॉन किंवा जावास्क्रिप्टमध्ये हे पंचवीसतीस ओळींत बसते.

आमचे पहिले चित्र वाकडेतिकडे आले. कारण शोधताना कळले, की नवा 'ख' काढताना आम्ही जुन्या 'क'ऐवजी नुकताच बदललेला 'क' वापरत होतो. जुना 'क' आधी बाजूला जपून ठेवायला हवा होता. एका ओळीची ही चूक सापडायला आमची एक संध्याकाळ गेली. पण तयार चित्र पाहून जे वर्षानुवर्षे कळले नव्हते, ते त्या संध्याकाळी कळले. या आकारात प्रत्येक पाऊल आधीच्या पावलावर अवलंबून आहे, आणि 'आधीचे' म्हणजे नेमके कोणते, हे विसरून चालत नाही.

दुसरा धडा अधिक खोल होता. काळा ठिपका म्हणजे 'आत' असे आम्ही समजत होतो. वस्तुतः त्याचा अर्थ 'शंभर फेऱ्यांत निसटला नाही' इतकाच आहे. पुढच्या फेरीत तो निसटणारच नाही, याची ग्वाही कोणी दिलेली नाही. या आकाराच्या मोठ्या भागाला डावीकडचे वर्तुळ जेथे चिकटते, त्या उणे ०.७५ या जागी त्याची मान अनंत बारीक आहे. आमच्या चित्रात मात्र ती चांगली जाड होती. वर सहा आणि खाली सहा ठिपके खोटे काळे झाले होते. फेऱ्यांची मर्यादा वाढवली, तशी मान बारीक होत गेली.

हीच मान तपासताना १९९१ मध्ये डेव्हिड बोल या विद्यार्थ्याला एक विलक्षण गोष्ट दिसली. मानेपासून ०.१ इतके वर गेले तर ठिपका ३३ फेऱ्यांत निसटतो, ०.०१ वर ३१५ फेऱ्यांत आणि ०.००१ वर ३१४३ फेऱ्यांत. अंतर आणि फेऱ्या यांचा गुणाकार केला, तर ३.३, ३.१५, ३.१४३ असे आकडे येतात. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे जे गुणोत्तर आपण शाळेत 'पाय' म्हणून शिकलो, ते येथे कोणी न बोलावता आले होते. या निरीक्षणाची सिद्धता आरन क्लेबनॉफ यांनी पुढे २००१ मध्ये प्रसिद्ध केली. ही गोष्ट कितीही सुंदर छापलेल्या चित्रात दिसली नसती. ती दिसली, कारण पाहणारा फेऱ्या स्वतः मोजत होता.

चित्र काढणारे यंत्र स्वतः घडवण्याची ही ओढ कोल्हापूरला नवी नाही. पडदे रंगवणारे आनंदराव पेंटर सिनेमाचा कॅमेरा जुळवता जुळवताच १९१६ मध्ये गेले. त्यांचे भाऊ बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून तो १९१८ मध्ये चालता केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. तिकडे ज्युलियाचा प्रबंध निघाला, तेही १९१८ सालच. या दोन घटनांत काही नाते आहे, असे आम्ही म्हणत नाही. पण एकाला आकार ठाऊक होता आणि तो दाखवणारे यंत्र नव्हते, तर दुसऱ्याने यंत्रच घरी घडवले. आज आपल्यापाशी दोन्ही आहे, आणि तरी आपण तयार चित्रे पाहूनच समाधान मानतो.

आमच्या वाचकांनी गणिती व्हावे, असा आमचा आग्रह नाही. पण आपल्यासमोर रोज अधिकाधिक चित्रे आणि अधिकाधिक मजकूर असा येतो आहे, की ज्याच्या मागची कृती आपल्याला दिसत नाही. अशा वेळी निदान एक चित्र तरी असे असावे, की ज्याचा प्रत्येक ठिपका का काळा आहे आणि कोठे खोटा आहे, हे आपल्याला सांगता येईल. कागलच्या फौंड्रीतला कारागीर स्वतः ओतलेला तुकडा स्वतःच तोडतो आणि मगच बाकीचा रस साच्यात सोडतो. आम्हीही आता आमच्या चित्राची मर्यादा शंभरावरून हजारावर नेली आहे. मान आणखी बारीक झाली आहे. ती अजूनही खोटी आहे, पण किती खोटी आहे हे आता आम्हांला ठाऊक आहे.